सहीकडून पुन्हा अंगठ्याकडे

'अंगठेबहाद्दर' हा मराठीतील एक निर्दय शब्द आहे. ज्याला सही करता येत नाही त्याला बहादुरीची पदवी बहाल करून त्याची टर उडवण्याची सोय या शब्दाने शिकल्यासवरल्या मराठी माणसाला करून दिली. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले, तेव्हा अंगठ्यापासून सुटका हेच साक्षरतेचे सर्वांत ठळक चिन्ह मानले गेले. बाईने आपल्या नावाची चार अक्षरे गिरवून स्वस्त धान्य दुकानाच्या वहीत सही केली की ती साक्षर झाली, असा सरळ हिशोब होता. त्या हिशोबातला फोलपणा रमेश इंगळे उत्रादकर यांनी 'निशाणी डावा अंगठा' या कादंबरीत असा उघडा पाडला आहे की तो येथे पुन्हा मांडण्याची गरज नाही. तरीही त्या सगळ्या धडपडीमागे एक धारणा होती आणि ती मोलाची होती. माणसाने आपली ओळख आपल्या हाताने लिहावी. ती कुणी त्याच्या शरीरावरून उचलून घेऊ नये, ही ती धारणा.

आज त्याच दुकानात वहीच्या जागी ई-पॉस यंत्र आहे. सही करायला शिकलेली ती बाई त्या यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवते, आणि तिचा बी.ए. झालेला मुलगाही टेकवतो. 'थम लावला का?' हा आमच्याकडच्या गावांत आता नित्याचा प्रश्न झाला आहे. कित्येक महाविद्यालयांच्या दारात प्राध्यापकांच्या हजेरीसाठीही तेच यंत्र बसले आहे. ज्याला आपण काल मागासलेपण म्हणत होतो त्यालाच आज आधुनिकता म्हणू लागलो. एवढी मोठी उलथापालथ एका शब्दाच्या अर्थात घडली, तरी शब्दार्थांवरच ज्यांची उपजीविका चालते त्या आम्हा मराठीच्या अध्यापकांत तिची फारशी चर्चा होत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पैशाच्या देवाणघेवाणीचे जे नवे तंत्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत आले त्याने दोन प्रकारचे नागरिक घडवले. एकाच्या हातात चिप असलेले कार्ड दिले. दुसऱ्याच्या हाताचेच कार्ड करून टाकले. पहिल्यापाशी हवे तेव्हा बदलता येईल असे गुपित आहे. दुसऱ्यापाशी जन्मभर न बदलणारे शरीर. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा भेद जितका उघड दिसतो तितका पुण्या-मुंबईत दिसत नाही, म्हणून तो येथून सांगणे भाग आहे.

आधी कार्डाविषयी. रोलां मोरेनो या फ्रेंच संशोधकाने १९७४ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, त्या कल्पनेची आजची वंशज म्हणजे आपल्या बँकेच्या कार्डावरची ती लहानशी सोनेरी चौकट. तिच्या आधी कार्डाच्या पाठीवर काळी चुंबकीय पट्टी असे. ती पट्टी पाठ केलेल्या उत्तरासारखी होती. कुणीही, केव्हाही वाचावी, ती तेच सांगणार. म्हणून तिची नक्कलही सोपी. चिप असे करीत नाही. यंत्र तिला दर वेळी नवा प्रश्न विचारते आणि ती आपल्या पोटातल्या किल्लीच्या साह्याने त्या प्रश्नाचे नवे उत्तर तयार करते. उत्तर बाहेर येते. किल्ली कधीच येत नाही. आपल्याला गुपित ठाऊक आहे एवढेच चिप सिद्ध करते, गुपित काय आहे ते सांगत नाही.

या चिपभोवती शासनाने आणि रिझर्व्ह बँकेने किती काळजीपूर्वक तटबंदी उभारली ते पाहण्यासारखे आहे. ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत देशातील काळ्या पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे द्यावीत असे बँकांना फर्मावले गेले. यंत्राला नुसते टेकवून, पिन न देता किती पैसे देता येतील याची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये ठरली. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानदारांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक आपल्याकडे साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी एक बदली क्रमांक वापरावा लागतो. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तर, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे उडवले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर त्याचे नुकसान शून्य. कार्ड हरवले तर बंद करा, पिन फुटला तर बदला, संशय आला तर नवे कार्ड मागा. ही सगळी काळजी योग्य आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की ही काळजी कोणाची घेतली गेली?

कारण अंगठ्याच्या बाबतीत यातले काहीच करता येत नाही. चिप गुपित राखते. अंगठ्याला गुपित ठेवताच येत नाही. तो पाण्याच्या पेल्यावर उमटतो, दाराच्या कडीवर उमटतो आणि जमिनीच्या दस्तावर तर कायद्यानेच उमटवलेला असतो. नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून त्यांचे रबरी अंगठे करायचे आणि ते यंत्रावर टेकवून लोकांच्या खात्यांतून पैसे काढायचे, असे गुन्हे देशातल्या अनेक राज्यांत नोंदले गेले आहेत. म्हणजे 'निशाणी डावा अंगठा' असे लिहून आजोबांनी कधी जमीन गहाण टाकली असेल, तर त्याच कागदावरून नातवाचेही खाते रिकामे व्हावे, एवढी या तंत्राची स्मरणशक्ती दांडगी आहे. कारण तो दस्त नातवानेही अंगठ्यानेच केलेला असतो. पिन फुटला तर नवा घेता येतो. अंगठा फुटला तर नवा अंगठा कोणत्या शाखेत मिळतो?

खरे म्हणजे अंगठ्याच्याही आधी मराठी मुलखात निरक्षराला स्वतःचे चिन्ह होते. जुन्या वतनी कागदांत पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' दिसते; बलुतेदार आपापल्या धंद्यातल्या हत्याराची खूण काढीत. लिहिता येत नसले तरी माणूस आपल्या कामाचे चित्र आपल्या हाताने काढी आणि ते चित्र सांगे की हा कोण आहे. १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटावर राज्यधर कोनाई याच्या पंजाचा ठसा घेतला आणि ही परंपरा दुसऱ्या वळणाला लागली. तो ठसा घेण्यामागे हेतू असा की, माणसाला पुढे आपला शब्द नाकारता येऊ नये. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचा दफ्तरखाना उघडला तो गुन्हेगार ओळखण्यासाठी. नांगराची निशाणी माणूस देत असे. ठसा माणसाकडून घेतला जातो. या दोन क्रियापदांत जे अंतर आहे तेच आमच्या म्हणण्याचे सूत्र आहे.

येथे कुणी म्हणेल, गरिबांनाही कार्डे दिली होती की! होय, दिली होती, आणि तो इतिहास मुद्दाम आठवावा असाच आहे. १ एप्रिल २००८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ३० रुपये नोंदणी शुल्कात चिप असलेले स्मार्ट कार्ड मिळे आणि त्यावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार. कुटुंबातील पाच जणांपर्यंतची ओळख त्या चिपमध्येच साठवलेली असे. ठसा तेथेही होता, परंतु तो घरच्या पेटीत, त्या कुटुंबाच्या ताब्यात राही. यंत्राने बोटाचा ठसा कार्डातल्या ठशाशी ताडून पाहायचा, दूरच्या कुठल्या भांडाराला विचारायचे नाही, अशी त्याची रचना होती. महाराष्ट्राने पुढे वेगळी वाट धरली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. तीत पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेला मान होता. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली आणि ती चिपची कार्डे देशभर इतिहासजमा झाली.

दरम्यान २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान तेथे जातीने हजर होते. आधार हे नाव कार्डाचे वाटले तरी त्या कागदात चिप नाही. तो केवळ एका क्रमांकाची चिठ्ठी आहे. ओळख ठेवलेली आहे ती दूरच्या भांडारात, आणि तिथवर पोहोचण्याची वाट म्हणजे माणसाचे बोट किंवा डोळा. २०१४ च्या जनधन योजनेने खाती उघडली, त्यांच्यासोबत रूपे कार्डेही वाटली. पण ज्या गावापासून एटीएम एखाद्या तालुक्याच्याच ठिकाणी, तेथे ते कार्ड पेटीत पडून राहिले आणि बँक मित्राच्या यंत्रावर अंगठाच चालू लागला. आधार क्रमांक खात्याला जोडला की अंगठ्यावर पैसे काढण्याचा हा मार्ग आपोआप उघडा होत गेला. 'तुम्हाला हा मार्ग हवा का?' असे खातेदाराला कुणी विचारले नाही. बोटांचे ठसे कुलूपबंद करण्याची सोय आधार प्राधिकरणाने केलेली आहे, परंतु ती मुख्यतः मोबाइलवर किंवा संकेतस्थळावर. म्हणजे ज्याला अंगठ्यावाचून भागते त्यालाच अंगठा बंद करता येतो!

आता हे सारे आमच्या भूगोलात आणून पाहा. गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा. त्याचे दोनतृतीयांशाहून अधिक क्षेत्र जंगलाखाली. सिरोंचा हे तालुक्याचे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे दोनशे किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो, ही बातमी आपण पावसाळ्यामागून पावसाळा वाचत आलो आहोत. अशा मुलखात ओळखीचे भांडार दूर ठेवणे म्हणजे, माणूस समोर उभा असताना तो तोच आहे की नाही हे मोबाइलच्या मनोऱ्याला विचारणे. दुकानदार त्याला जन्मापासून ओळखतो, सरपंच ओळखतो, अंगणवाडी सेविका ओळखते. यंत्र ओळखत नाही, म्हणून तो नाही.

शिवाय बोटे. तेंदूपत्त्याचे पुडे बांधणारी, बांबू सोलणारी, मोह वेचणारी, धानाची रोवणी करणारी बोटे ही कार्यालयातल्या बोटांसारखी नसतात. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात, ठसे न जुळण्याचे प्रमाण झारखंडात ४९ टक्क्यांपर्यंत आणि राजस्थानात ३७ टक्के असल्याचे अंदाज नमूद केलेले आहेत. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. शिधापत्रिका आधारशी जोडलेली नसल्याने रद्द झाली, धान्य बंद झाले आणि मूल भुकेने गेले, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. प्रशासनाने भूकबळी नाकारला. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राने राज्यांना कळवले की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारू नये, तशा व्यवहाराची वेगळी वही ठेवावी. डोळा, चेहरा, मोबाइलवरचा संकेतांक असे पर्यायही आता आहेत. नियम चांगलाच आहे. परंतु तो नियम दुकानाच्या भिंतीवर, ग्राहकाच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो का, हे आमच्या वाचकांनी आपापल्या गावी जाऊन स्वतः पाहावे.

आमच्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आता घेऊ. रोकड आणि वही यांचे युग काय सुवर्णयुग होते? मुळीच नाही. मिठाच्या मापाने चारोळी नेणारा व्यापारी, हजेरीपटावर खोटी नावे चढवणारा मुकादम, टपालातून आलेल्या मजुरीतला आपला वाटा कापून घेणारा मध्यस्थ, ही सगळी माणसे कागदाच्याच आश्रयाने जगली. कार्डाने त्यांना चाप बसतो याचा पुरावाही आहे आणि तो आमच्या शेजारचाच आहे. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी आणि निवृत्तिवेतन स्मार्ट कार्डाने देण्याचा मोठा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांचा त्यावरचा अभ्यास २०१६ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त प्रसिद्ध झाला. मजुरी लवकर मिळू लागली, गळती घटली आणि लाभार्थ्यांनीच या पद्धतीला पसंती दिली, असे त्यांना आढळले.

या निष्कर्षाशी आमचे भांडण नाही. उलट तो आमच्याच बाजूने बोलतो. त्या प्रयोगात चिपचे कार्ड मजुराच्या हाती होते आणि पैसे देणारे माणूस यंत्र घेऊन त्याच्या गावात येत होते. तंत्र लोकांच्या दारी गेले, लोकांना तंत्राच्या दारी रांगेत उभे केले नाही. तेव्हा 'कार्डविरोधी' किंवा 'यंत्रविरोधी' हा शिक्का आमच्यावर मारण्याआधी आक्षेपकांनी एवढे सांगावे की, जे कार्ड लोकांच्या हाती होते आणि ज्याने गळती थांबते असे दिसून आले, त्याच्या जागी नुसता अंगठा का आणला? रोजगार हमीची मजुरी १ जानेवारी २०२४ पासून आधारवर आधारित पद्धतीनेच देणे बंधनकारक झाले, तेव्हा हा प्रश्न मजुराला विचारला गेला होता काय?

कागद कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकरी उठले ते सावकारांच्या जिवावर नव्हे, त्यांच्या दफ्तरावर. कर्जखते मागून घेतली, जाळली. ज्या कागदावर आपली निशाणी आहे तो आपल्याला वाचता येत नाही आणि तो आपल्याविरुद्ध कचेरीत साक्ष देतो, हे त्यांना उमगले होते. त्या दंग्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिण्याची व्यवस्था केली आणि शेतकऱ्याला तीन हक्क दिले: दिलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा, वर्षाचा हिशोब मागण्याचा आणि तो हिशोब स्वतःच्या पासबुकात उतरवून घेण्याचा. परकी सरकारने, दंग्यांनी हादरून का होईना, १८७९ साली निरक्षर कुणब्याचा जो हक्क मान्य केला, तो आज बँक मित्रासमोर उभ्या असलेल्या माडिया बाईला प्रत्यक्षात मिळतो का? अंगठा टेकवला, यंत्र म्हणाले 'व्यवहार अयशस्वी', पुन्हा टेकवला, पुन्हा अयशस्वी. खात्यातून पैसे गेले की नाही हे तिला कोण सांगणार? हाती पावती नाही. पासबुक भरून घ्यायचे तर तालुक्याला जायचे. तीन कामकाजी दिवसांत तक्रार करण्याची मुदत तिच्या बाबतीत कोणत्या क्षणापासून मोजायची? २०२५ साली रिझर्व्ह बँकेने, अंगठ्यावर पैसे देणाऱ्या केंद्रचालकांची नीट तपासणी करून मगच त्यांना नेमावे असे बँकांना बजावले. ते बरेच झाले. परंतु चालकाची तपासणी वेगळी आणि ग्राहकाच्या हातातला पुरावा वेगळा.

हातातला कागद काय करू शकतो याचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचाच लागे. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. ते छापील पानांचे साधे पुस्तक होते. पण त्या दिवसापासून बांबूची विक्री कोणाला, काय भावाने, हे गाव ठरवू लागले. तंत्रज्ञान म्हणून त्यात काहीच नवे नव्हते. नवे होते ते एवढेच की पुस्तकावर सही करणारा हात बदलला. स्मार्ट म्हणावे असे काही या दोन जिल्ह्यांत घडले असेल तर ते हे.

आता विदेविषयी. 'डेटा'साठी मराठीत 'विदा' हा शब्द रूढ करू पाहणाऱ्यांनी नकळत एक मार्मिक श्लेष साधला आहे. हिंदीत विदा म्हणजे निरोप, आणि आपल्याविषयीची माहिती एकदा आपला निरोप घेऊन गेली की परत येत नाही. तिच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला. २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्या कायद्यानुसार संमती मागताना माणसाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत सूचना वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, संस्कृत आहे, २००३ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या संथाळी आणि बोडोही आहेत. गोंडी नाही. २०११ च्या जनगणनेत २९ लाख ८४ हजारांहून अधिक लोकांनी जी मातृभाषा म्हणून नोंदवली तिच्यात संमती मागण्याचे बंधन कोणावरही नाही. आणि त्याहून मोठी गंमत अशी की, शासनाला अनुदान, लाभ किंवा सेवा देण्यासाठी विदा वापरायची असेल तर याच कायद्याने संमतीतून मोकळीक दिली आहे. बहुतेक आदिवासी कुटुंबांचा या यंत्रणेशी संबंध अनुदान, लाभ आणि सेवा यांपुरताच येतो. म्हणजे ज्यांची विदा सर्वांत जास्त घेतली जाते त्यांना विचारण्याची गरज सर्वांत कमी!

येथे 'खासगी' या शब्दाचा इतिहास आठवतो. मराठेशाहीत खासगी म्हणजे राजघराण्याची स्वतःची दौलत. होळकरांची खासगी तर प्रसिद्धच आहे. सरकारी तिजोरीपासून वेगळी अशी काही वस्तू असणे हा राजाचा मान होता. रयतेला खासगी नव्हती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. मराठी भाषेच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी एक राजेशाही शब्द रयतेच्या मालकीचा झाला. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारच्या खटल्यात बहुमताने खासगी कंपन्यांचा वापर रोखला, परंतु अनुदानासाठी आधारची सक्ती कायम ठेवली, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी या बहुमताशी असहमत होऊन स्वतंत्र निकालपत्र लिहिले. परिणाम असा की खासगीपणा सर्वांचा झाला खरा, पण रेशनच्या रांगेत उभे राहताना तो घरी ठेवून यावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक केली, तेव्हा स्त्रीच्या आधारसोबत विवाहितेच्या पतीचा आणि अविवाहितेच्या वडिलांचा आधारही मागितला गेला. उत्पन्न तपासण्यासाठी हे हवे, असे कारण होते. ज्या बाईला नवऱ्याने टाकले आहे, जिचा बाप हयात नाही, तिने काय करायचे, हा प्रश्न यंत्र सुरू झाल्यानंतर उठला. स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावाने येणाऱ्या पैशासाठी पुन्हा पुरुषाची साक्ष काढणाऱ्या या व्यवस्थेवर स्त्रीवादी समीक्षेच्या आमच्या तासांत बोलायचे नाही, तर कशावर बोलायचे?

'हा साहित्याचा विषय आहे काय?' असा सूर या टप्प्यावर आमच्याच व्यवसायबंधूंकडून निघेल. त्यांना आमचे उत्तर असे की, साहित्याचा याहून जवळचा विषय नाही. संहिता कोणाची, तिचा अर्थ कोण लावतो, लिहिणारा कोण आणि ज्याच्याविषयी लिहिले जाते तो कोण, हेच तर आपण वर्षभर शिकवतो. आदिवासींविषयी इतरांनीच लिहिले, या तक्रारीवर आपण किती चर्चासत्रे घेतली! आता आदिवासींविषयीचा सर्वांत मोठा ग्रंथ दूरच्या भांडारात दररोज लिहिला जात आहे: कोणी किती धान्य उचलले, कोणत्या दिवशी किती पैसे काढले, कोणत्या गावातून कोणत्या गावी गेले. त्या ग्रंथाचा नायक तो ग्रंथ वाचू शकत नाही, त्यातली चूक दुरुस्त करू शकत नाही आणि त्यात आपण आहोत हेही त्याला पुरते ठाऊक नसते. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो लेखणी आणि दफ्तर यांच्या जोरावर निरक्षराला कसे नागवले जाते हे दाखवण्यासाठीच. दफ्तर बदलले म्हणून फुल्यांचा प्रश्न संपत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अंगठ्याने पैसे काढण्याचा मार्ग खातेदाराने मागितल्याशिवाय उघडू नये. मागणाऱ्याला तो जरूर मिळावा आणि न मागणाऱ्याला चिपचे कार्ड, ते चालेल असे यंत्र त्याच्या गावात आणि पिन बदलण्याची सोय मिळावी. प्रत्येक व्यवहाराची, फसलेल्या व्यवहाराचीसुद्धा, छापील पावती मराठीत मिळावी आणि यंत्राने ती रक्कम गोंडी-माडियात मोठ्याने सांगावी. यंत्राने ओळख नाकारली तर ग्रामसभेच्या वहीतली नोंद आणि दोन साक्षीदार पुरेसे मानावेत, कारण जी ग्रामसभा जंगलाचे परवाने सांभाळू शकते ती आपल्या माणसांनाही ओळखू शकते. आणि आपल्या नावावर काय लिहिले गेले आहे याचा उतारा वर्षातून एकदा गावात वाचून दाखवला जावा, ज्याने त्याने आपापला ऐकावा. १८७९ च्या कायद्यापेक्षा यात फार पुढचे असे काही नाही.

शासनाकडून मागायचे ते मागावेच, पण आपल्या हातातलेही काही आहे. पदवीच्या वर्गांत आपण 'उपयोजित मराठी' शिकवतो. अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, निवेदन लिहून घेतो. त्यात ई-पॉस यंत्राची पावती, बँकेचा लघुसंदेश आणि संमतीचा मजकूर यांचा समावेश करायला कोणत्याही मंडळाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती या तालुक्यांतून येणारे आमचे विद्यार्थी घरी गोंडी-माडिया बोलतात आणि वर्गात मराठी लिहितात. 'व्यवहार अयशस्वी' हे त्यांच्या आजीला कळेल अशा शब्दांत कसे लिहावे, हा प्रश्न त्यांना या परीक्षेत दहा गुणांसाठी विचारावा. सवलतीचे गुण न देता उत्तरे तपासावीत. चांगली उत्तरे निवडून ती मोठ्या अक्षरांत लिहावीत आणि सुटीत घरी जाताना त्यांनी ती आपल्या गावच्या दुकानात, यंत्राशेजारच्या भिंतीवर चिकटवावीत.